स्वेटर ऊब देतो का? तिसरी-चौथीच्या वर्गातला एक हिवाळा

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही इयत्ता एकाच खोलीत. पट २७. त्यांतली सहा मुलं दिवाळीनंतर आलेली. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतली कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला इकडे येतात, बागेच्या कडेला राहतात आणि हंगाम संपला की परत जातात. त्यांची मुलं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) घेऊन आमच्याकडे बसतात. गाव आणि मुलं ओळखू येतील असे तपशील मी इथे गाळले आहेत.

निफाडच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. डिसेंबर उजाडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात यायला लागतो. एक आकडी तापमान इथे नवलाचं नाही. कडाक्याच्या वर्षी पहाटे पानांवरचं दहिवर गोठतं. ही थंडी गव्हा-हरभऱ्याला मानवते, पण द्राक्षवाल्यांचा जीव टांगणीला लागतो. पारा फार उतरला की मणी तडकतात, मण्यांत साखर उतरायची थांबते. मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी डिसेंबर-जानेवारीतली पहाट अशी जाते. मला हे पुरतं माहीत होतं. तरीही हिवाळा शिकवायला घेतला तेव्हा त्यातलं काहीच मी वर्गात आणलं नाही.

अडचण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘हिवाळा’ हा विषय धरून भाषा, गणित आणि परिसर अभ्यास एकत्र घ्यायचं ठरवलं. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कार्यपत्रिकांचा एक तयार संच आला होता. सुबक चित्रं, मोठी अक्षरं, मराठीत भाषांतर केलेल्या सूचना. बर्फाच्या माणसाला बटणं मोजून लावा, पेंग्विनांच्या जोड्या लावा, लोकरीच्या हातमोज्यांवरची बेरीज करा. मी झेरॉक्स काढून आणल्या. मुलांनी आवडीने रंगवल्या. बर्फाचा माणूस पाहून तिसरीतल्या एकाने विचारलं, “बाई, हा पिठाचा आहे का?” सगळे हसले, मी बर्फ म्हणजे काय ते सांगितलं आणि पुढे गेले.

आठवडा संपताना ‘हिवाळा’ या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. वह्या घरी नेऊन तपासायला बसले. त्या दिवशी हजर असलेल्या २४ मुलांपैकी १९ जणांनी लिहिलं होतं, ‘हिवाळ्यात बर्फ पडतो.’ शाळेच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर द्राक्षबाग आहे, आणि त्या बागेत राहणाऱ्या मुलाच्या वहीतही बर्फच पडत होता.

एकच वही वेगळी होती. सुरगाण्याहून आलेल्या चौथीतल्या मुलीची. ती वर्गात फारसं बोलत नसे. घरची बोली कोकणा, त्यामुळे प्रमाण मराठीत लिहिताना अडखळायची. पाचऐवजी तिने दोनच वाक्यं लिहिली होती. दुसरं वाक्य असं : ‘पाहाटे आई बा बागेत जाळ करतात मनी फुटू नये म्हणून.’

‘मनी’च्या खाली लाल रेघ मारायला मी पेन उचललं होतं. रेघ मारली नाही. अख्ख्या वर्गात आपला हिवाळा लिहिणारी ही एकटी होती, आणि तो मी शिकवलेला नव्हता.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांशी बोलले. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, विषय इथेच थांबवून पाठ्यपुस्तकाकडे वळायचं. सरांचा कल इकडे होता आणि त्यांचं कारण रास्त होतं. दोन इयत्ता, त्यात नवी आलेली मुलं, निपुण भारतच्या (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या) नोंदी अपुऱ्या. आणखी एक उपक्रम कशाला? पण मग १९ वह्यांमधला बर्फ तसाच राहणार होता.

दुसरी, कार्यपत्रिका चालू ठेवून चित्रं बदलायची. बर्फाच्या माणसाच्या जागी शेकोटी, पेंग्विनच्या जागी बोरं. आधी मला हेच करावंसं वाटलं, कारण सोपं होतं. पण बोरं मोजली काय आणि बटणं मोजली काय, बेरीज तीच राहते. त्यातून हिवाळ्याबद्दल मुलाला नवीन काय कळणार?

तिसरी वाट सहलीची. नांदूरमध्यमेश्वर आमच्याच तालुक्यात, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मुलांनी ते पाहायलाच हवेत असं मला आजही वाटतं. पण गाडीचा खर्च, परवानगी, आणि बागकामाच्या ऐन दिवसांत सोबत यायला पालक मिळणं कठीण. ती पुढे ढकलली.

चौथी वाट, मुलांच्या अंगावर जी थंडी रोज पडते तीच मोजायला लावायची. यासाठी मला स्वतःला अभ्यास करावा लागणार होता, उत्तरं आधीपासून छापलेली नव्हती. आम्ही ही निवडली. सरांनी एकच अट घातली : रोजचा पाऊण तास, त्याहून जास्त नाही.

काय केलं

तापमापक. भिंतीवर लावायचा, आत लाल रंगाचा द्रव असलेला साधा तापमापक तालुक्याच्या गावातून आणला. पाऱ्याचा मुद्दाम टाळला. फुटला तर लहान मुलांच्या हातात पारा नको. उत्साहाच्या भरात तो फळ्याशेजारच्या खिळ्याला लावला. त्या भिंतीवर खिडकीतून सकाळचं ऊन येतं. पहिली नोंद आली २९. मुलं शहारत बसलेली आणि फळ्यावर २९! पहिलीच्या वर्गातून सर बघायला आले, तेव्हा चूक लक्षात आली. तापमापक ओसरीत, सावलीतल्या खांबाला नेला. सव्वादहाला तिथे १८ दिसले.

लगेच दुसरी अडचण उभी राहिली. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात निफाडचं तापमान ७ अंश छापलं होतं. “पेपरवाले खोटं सांगतात,” असा वर्गाचा निकाल झाला. मी समजावून मोकळी होऊ शकले असते की दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्य उगवायच्या सुमारास असतं. त्याऐवजी तापमापक एका मुलाबरोबर वस्तीवर पाठवायचं ठरवलं. हा निर्णय घेताना मी कचरले. फुटला तर शाळेत दुसरा नव्हता. शिवाय कुणाकडे पाठवायचा? हुशार मुलाकडे दिला की बाकीच्यांना काय वाटतं ते मी पाहिलं आहे. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली त्याने तापमापक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेला आणि सकाळी सातला पडवीत वाचला : ८. वर्तमानपत्र सुटलं. त्या दिवसापासून रोज रात्री तापमापक एकेका घरी मुक्कामाला जायचा आणि शाळा भरताना परत यायचा. वर्गातल्या तक्त्यावर दोन रंगांचे स्तंभ उभे राहू लागले, पहाटेचा निळा आणि सव्वादहाचा लाल. वजाबाकी आपोआप येत होती. आज किती अंशांनी तापलं? कालपेक्षा जास्त की कमी? तिसरीतल्या ज्या तिघांचं हातच्याच्या वजाबाकीशी जमत नव्हतं, ते १८ मधून ९ वजा करायला स्वतःहून फळ्याशी येऊ लागले.

स्वेटरचा दिवस. इथे माझं चुकलं. लोकर, सुती कापड, गोधडी यांची तुलना करायची म्हणून मी सांगितलं, “उद्या प्रत्येकाने आपापला स्वेटर आणा.” दुसऱ्या दिवशी पाच मुलं आली नाहीत. त्यांतली चार बागेत राहणारी, आणि त्यांतच ती मुलगी. दुपारी मी बागेवर गेले. आई पानं विरळायच्या कामावर होती. म्हणाली, “बाई, सोटर नाही तिला. इथं आल्यावर घेऊ म्हटलं होतं.” मुलगी खोलीच्या दारात उभी होती, माझ्याकडे न बघता. मी जे मागितलं होतं ते तिच्या घरात नव्हतं, आणि ते सगळ्या वर्गासमोर उघडं पडायच्या आत तिने घरीच राहायचं ठरवलं होतं.

त्या खोलीत कोपऱ्यात वळकटी होती. तीन गोधड्या. मी विचारलं, “ताई, यातली एक उद्या शाळेत नेऊ का? प्रयोगाला हवी आहे.” गोधडी जुन्या साड्यांची, कडेला लाल कापडाची पट्टी, टाके इतके बारीक आणि दाट की बोट फिरवलं तर खरखरीत लागावं. आईने ती झटकून, घडी घालून मुलीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मुलगी गोधडी घेऊन आली. वर्गातली दुसरी कुठलीही लोकरीची वस्तू मी वापरली नाही, माझा स्वेटर तेवढा घेतला.

प्रश्न एकच. गोधडी ऊब देते का? २३ हात वर आले. ‘देते.’

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून गरम पाणी घेतलं. सारखे तीन स्टीलचे डबे, प्रत्येकात अर्धा लिटर, झाकणं लावलेली. जवळच्या माध्यमिक शाळेतून प्रयोगशाळेचा तापमापक मागून आणला होता. डब्यांना हात फक्त माझा. तिन्हींत सुरुवातीला ६० अंश. एक उघडा ठेवला, एक स्वेटरमध्ये गुंडाळला, एक गोधडीत. अर्ध्या तासाने उघड्या डब्यात ४६, स्वेटरमधल्या डब्यात ५१, गोधडीतल्या डब्यात ५४. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झाले आणि ‘कापडात अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही’ असं सांगून टाकलं.

तेव्हा चौथीतला एक मुलगा म्हणाला, “बघा बाई, आम्ही म्हणलं होतं ना, गोधडी गरम असते. तिनं पाणी गरम केलं.”

प्रयोगाने चुकीची समजूत मोडली नव्हती, उलट घट्ट केली होती. मुलाच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं. गोधडीतलं पाणी जास्त गरम निघालं, म्हणजे गोधडीने ऊब दिली. मी वापरलेलं वाक्य त्याला ऐकूही आलं नसेल. इथे दोन मार्ग होते. ‘नाही रे’ म्हणून बरोबर उत्तर लिहून द्यायचं, किंवा पाऊण तास संपला तरी प्रश्न उघडा ठेवायचा. मी फळ्यावर त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली प्रश्नचिन्ह काढलं आणि वर्ग सोडला.

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी दोन गोष्टी केल्या. भिंतीवरचा तापमापक गोधडीच्या घडीत तासभर ठेवला. मुलांचे अंदाज ३० ते ४०, एकाने तर ५० सांगितले. बाहेर काढला तेव्हा १९, ओसरीत होते तितकेच. शांतता पसरली. मग बर्फ. गावात ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांच्याकडून दोन सारखे खडे आणले, दोन वाट्यांत ठेवले. एक वाटी उघडी, एक गोधडीत. “कुठला आधी वितळेल?” गोधडीतला, असं जवळजवळ सगळे म्हणाले, गरम कपड्यात बर्फ कसा टिकेल? तासाभराने उघड्या वाटीत पाणी झालं होतं आणि गोधडीतल्या वाटीत खडा अजून होता, जरा झिजलेला.

कुणी काही बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, “यात्रेत बर्फवाला लादी गोणपाटात ठेवतो.”

वर्गात ती आपणहून बोलली असं मला आठवतं ते पहिलं वाक्य. मग मी फक्त विचारलं, “मग गोधडीत आपल्याला ऊब कुठून येते?” उत्तर यायला दहा मिनिटं लागली. आपलीच. आपल्या अंगातली. गोधडी ती जाऊ देत नाही. आणि बर्फाकडे बाहेरची ऊब येऊ देत नाही.

विहीर. यानंतर मुलं स्वतः तापमापक घेऊन हिंडू लागली. हिवाळ्यात सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या माणसांनी बादलीने काढून दिलेलं पाणी मोजलं तर २४ निघालं, हवा ९ असताना. बागेत पहाटे ठिबक का सोडतात याचं उत्तर एका मुलाच्या वडिलांनी ओसरीत बसून दिलं : विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम, ते मुळाशी गेलं की जमिनीलगतचा गारठा जरा कमी होतो. मी ते इतकं नेमकं सांगू शकले नसते.

सावली. संक्रांत जवळ आली म्हणून हा भाग जोडला. एक मीटरची काठी अंगणात ओळंब्याने सरळ रोवली आणि दुपारी साडेबारापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण केली. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखावृत्तावरची, आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आमच्याकडे सगळ्यात आखूड सावली बाराला न येता साडेबारा-पावणेएकच्या दरम्यान येते. २२ डिसेंबरला ती ९५ सेंटिमीटर भरली, संक्रांतीला ८८. तीळगूळ वाटताना चौथीतल्या एकीने विचारलं, “आजी म्हणते आजपासून दिवस मोठा होतो. पण सावली तर आधीच लहान व्हायला लागली.” निरीक्षण पक्कं होतं. मी सांगितलं की पृथ्वी भोवऱ्यासारखी अगदी सावकाश डोलते, साधारण १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि वर्षातला सगळ्यात लहान दिवस जुळत असत, आता त्यांत तीन आठवड्यांचं अंतर पडलं आहे. आजीला खोटं न पाडता हे घरी कसं सांगायचं, यावर वर्गात बरीच चर्चा झाली.

परिणाम

जानेवारीच्या अखेरीस पुन्हा तीच पाच वाक्यं लिहून घेतली. बर्फ दोन वह्यांत आला, आणि दोन्हींत तो गोधडीत गुंडाळलेला होता. वाक्यं लांब झाली होती, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ हे शब्द दिसू लागले होते. विहिरीबद्दल चौथीतल्या एकाने लिहिलं, ‘जमीन ही विहिरीची गोधडी आहे.’ हे मी कुठेही सांगितलेलं नव्हतं. मुलगा गोधडीवरून विहिरीपर्यंत एकटा चालत गेला होता.

स्तंभालेख वाचणं बहुतेकांना जमलं. १४ आणि १५ यांच्या मधली रेघ कशी वाचायची, हे तिसरीला जड गेलं आणि ते मी सोडून दिलं. धुक्याचा पाठ फसला. ज्या आठवड्यात ठेवला त्यात धुई पडलीच नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेतली हजेरी थंडीमुळे घटते ती घटलेलीच राहिली, उपक्रमाने त्यात काही फरक पडला नाही.

तापमापक २७ पैकी २२ घरी जाऊन आला आणि फुटला नाही. बागेतल्या सहाही मुलांकडे तो गेला. एका शेतकऱ्याने तो आठवडाभर बागेत ठेवायला मागितला, मुलांनी नाही म्हटलं. त्यांची नोंद तुटली असती.

सरांनी फेब्रुवारीत पहिली-दुसरीसाठी गरम-गार वस्तूंच्या वर्गीकरणाला गोधडीचाच प्रयोग घेतला, अंश न मोजता, फक्त बर्फ.

आता करायचं झालं तर

घरून काही मागवण्याआधी ते प्रत्येक घरात आहे का याचा विचार करेन. स्वेटर मागवताना तो केला नाही. गोधडी निफाडच्या बंगल्यातही आहे आणि बागेतल्या खोलीतही, आणि प्रयोगासाठी ती स्वेटरपेक्षा सरस ठरली. पण एक मुलगी एक दिवस शाळेला मुकल्यावर मला हे सुचलं.

गरम पाणी आणि बर्फ हे दोन्ही प्रयोग एकाच दिवशी घेईन. पहिला एकटा घेतला तर मुलं चुकीच्या उत्तरावर शिक्कामोर्तब करून घरी जातात. त्यांच्यातल्या एकाने ते बोलून दाखवलं म्हणून मला कळलं. तो गप्प बसला असता तर मी टाळ्या ऐकून समाधानाने पुढचा पाठ घेतला असता. त्याआधी तापमापक गोधडीत ठेवायचा, सगळ्यात पहिल्यांदा.

नोंदी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करेन. आम्ही सुरू केल्या तेव्हा थंडी आधीच पडलेली होती, त्यामुळे पारा उतरत जाताना मुलांनी पाहिलाच नाही. आणि संक्रांतीला न थांबता मार्चपर्यंत चालवेन, निळा आणि लाल स्तंभ दोन्ही चढत जाताना दिसतील इतकं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी अजून विचार करते आहे. त्या मुलीच्या पहिल्या वहीतली दोन वाक्यं मी वर्गात वाचून दाखवली नाहीत. तिला संकोच वाटेल असं वाटलं. कदाचित बरोबर केलं. पण तेव्हाच विचारलं असतं, ‘जाळ केल्यावर मणी का फुटत नाहीत?’, तर हा सगळा उपक्रम तिच्या प्रश्नावर उभा राहिला असता आणि ती स्वेटरच्या दिवशी घरी बसली नसती.

होळीला तिचं कुटुंब सुरगाण्याला परत गेलं. शिक्षण हमी कार्डाबरोबर मी तिच्या नोंदींची पानं आणि सावलीच्या मापांचा कागद जोडला, आणि तिकडच्या गुरुजींना फोन करून सांगितलं की काठी एक मीटरचीच घ्या, दुपारी साडेबारानंतर मोजा. मार्चच्या अखेरीस त्यांनी फोटो पाठवला. अंगणात काठी, शेजारी तिची छोटी सावली, आणि कागदावर तिच्या अक्षरात आकडा : ३२.